एक्स्टेंडचं परीक्षण: पिशवी जमली, नाळेचं काम अजून कच्चं

‘बाळ काचेत ठेवलंय’ असं कुणी सांगितलं की ऐकणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, ‘श्वास स्वतः घेतंय का?’ प्रश्न अगदी नेमका आहे. दिवस भरायच्या फार आधी आलेल्या बाळाचं सगळं त्या श्वासावर अडतं, आणि श्वास द्यायला लावलेलं व्हेंटिलेटरच पुढे त्या कोवळ्या फुप्फुसांना इजा करतं. फिलाडेल्फियाच्या चिल्ड्रन्स हॉस्पिटलमध्ये तयार झालेली ‘एक्स्टेंड’ ही यंत्रणा इथेच वेगळी वाट धरते. तिच्यात बाळाने श्वास घ्यायचाच नाही. फुप्फुसं पोटात असताना जशी द्रवाने भरलेली असतात तशीच राहतात, प्राणवायू नाळेतून येतो आणि बाळ कोमट, निर्जंतुक पाण्याच्या बंद पिशवीत तरंगत राहतं.

हे यंत्र बाजारात मिळत नाही. आजवर जे काही सिद्ध झालंय ते कोकरांवर. २५ एप्रिल २०१७ रोजी ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये एमिली पार्ट्रिज, मार्कस डेव्ही, अ‍ॅलन फ्लेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यंत्राची रचना आणि निकाल प्रसिद्ध केले. पुढे ‘व्हिटारा बायोमेडिकल’ या कंपनीने ते रुग्णालयात वापरता येईल अशा रूपात आणायचं काम हाती घेतलं. १९ आणि २० सप्टेंबर २०२३ ला औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना परवानगी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएची बालरोग सल्लागार समिती याच विषयावर बसली होती: माणसाच्या बाळावर पहिली चाचणी घ्यायची तर कोणत्या अटींवर? म्हणजे यंत्र प्रयोगशाळेच्या दाराशी येऊन उभं आहे. त्याचा एकेक भाग तपासायला हीच वेळ योग्य, कारण पहिल्या बाळाच्या आईवडिलांना तपासायला वेळ मिळणार नाही.

आधी नावाचा घोळ. डिसेंबर २०२२ मध्ये पारदर्शक गोळ्यांच्या रांगाच्या रांगा आणि त्यांत वाढणारी हजारो बाळं दाखवणारा एक व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर घरोघर पोचला. ते निव्वळ कल्पनाचित्र होतं, त्यामागे कुठलंही यंत्र नव्हतं. एक्स्टेंडचा गर्भधारणेशी किंवा गर्भाच्या पहिल्या महिन्यांशी संबंध नाही. नाळेच्या रक्तवाहिन्यांत नळी जाईल एवढा आकार आला नसेल तर बाळ यात ठेवताच येत नाही. आणि आपल्या बोलीत गर्भाशयालाच ‘पिशवी’ म्हणत असल्यामुळे आणखी एक गैरसमज होतो की इथे महत्त्वाची वस्तू म्हणजे ती प्लॅस्टिकची पिशवी. तसं नाही. प्राणवायू देणं, कार्बन डायऑक्साइड काढून घेणं, पोषण पोचवणं ही कामं बाळ पोटात असताना ‘वार’ करते, म्हणजे नाळेच्या दुसऱ्या टोकाचा, गर्भाशयाला चिकटलेला अवयव, आणि यंत्रात करायला अवघडही तीच आहेत. ‘कृत्रिम वार’ हा शब्द म्हणून जास्त खरा. मिशिगन विद्यापीठातला गट आपल्या यंत्राला तेच म्हणतो.

कोणासाठी

२८ व्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाला याची गरज नाही. अमेरिकेतल्या १९ केंद्रांमध्ये २०१३ ते २०१८ या काळात जन्मलेल्या बाळांचे आकडे पाहिले तर २८ व्या आठवड्यात आलेली सुमारे ९४ टक्के बाळं घरी गेली. २२ व्या आठवड्यात आलेल्या आणि सर्व उपचार मिळालेल्या बाळांत हेच प्रमाण ३० टक्के होतं, २३ व्या आठवड्यात ५५.८ टक्के. एक्स्टेंडला या दोन टोकांमधली दरी ओलांडून द्यायची आहे, तेवढीच. साधारण २३ व्या आठवड्याचं बाळ उचलायचं, तीन-चार आठवडे पिशवीत वाढवायचं आणि २७–२८ व्या आठवड्याच्या सुमारास नेहमीच्या एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या, हवाली करायचं. नऊ महिने पिशवीत काढायची कल्पना फ्लेक यांच्या गटाने कधी मांडलेली नाही. बाळ जगण्याची सीमा आणखी खाली नेणं हा आपला हेतू नाही, असंही ते सांगत आलेत.

तीन-चार आठवड्यांनी एवढा फरक का पडतो? २३ व्या आठवड्यात फुप्फुसात खऱ्या अर्थाने वायुकोश नसतात. आखूड नळ्या असतात, त्यांच्याभोवती केशवाहिन्या नुकत्या जमू लागलेल्या असतात आणि आतला पृष्ठताण कमी करणारं सर्फॅक्टंट जेमतेम सुरू झालेलं असतं. अशा नळ्यांत दाबाने हवा भरली की त्या फाटतात, सुजतात आणि पुढची वाढ तिथेच खुंटते. हवा न भरता द्रव भरलेला राहू दिला तर तेच फुप्फुस आपल्या गतीने पुढचा टप्पा गाठतं. कोकरांमध्ये हे झालेलं दिसलं, आणि या यंत्राच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा हाच आहे.

पंप नाही, हीच कमाल

रक्ताचा मार्ग साधा आहे. नाळेतल्या दोन धमन्यांतून बाळाचं रक्त बाहेर येतं, रक्तात प्राणवायू मिसळणाऱ्या छोट्या ऑक्सिजनेटरमधून जातं आणि नाळेच्या शिरेतून परत आत जातं. ऑक्सिजनेटरमध्ये बारीक पोकळ तंतूंचा गठ्ठा असतो. तंतूंच्या आतून वायू आणि बाहेरून रक्त. या सगळ्या मार्गावर पंप कुठेच नाही. रक्त ढकलतं ते बाळाचं हृदय.

आधीचे प्रयत्न नेमके इथे फसले होते. जपानमध्ये योशिनोरी कुवाबारा यांच्या गटाने १९९० च्या दशकात बकरीच्या पिल्लांना तीन आठवड्यांपर्यंत पाण्यात जगवून दाखवलं, पण पंप लावून. रक्तप्रवाहाला होणारा वारेचा विरोध फार कमी असण्याची गर्भाच्या हृदयाला सवय असते. पंप जास्त ओढायला लागला की हृदयात परत येणारं रक्त वाढतं, हृदय फुगतं, अंगात पाणी साठतं. कमी ओढला तर रक्त साकळतं. शिवाय पिल्लू हललं की नळी निसटायची, म्हणून त्यांना औषधाने निपचित ठेवावं लागे. गर्भ हलला नाही तर स्नायू, सांधे आणि छाती नीट वाढत नाही, त्यामुळे तीन आठवडे टिकवूनही फायदा हाती लागत नव्हता.

फिलाडेल्फियाच्या गटाने अत्यंत कमी विरोधाचा ऑक्सिजनेटर निवडला, नळ्या जमेल तेवढ्या आखूड ठेवल्या आणि पंप काढून टाकला. मग प्रवाह बाळाचं हृदय स्वतः ठरवतं, गरज वाढली की वाढवतं. मिनिटाला दर किलोमागे १५० ते २०० मिलिलीटर प्रवाह मिळवणं हे उद्दिष्ट, म्हणजे पोटातल्या नाळेच्या जवळपास. कोकरं हलली, गिळली, डोळे उघडू लागली, अंगावर लोकर आली. शेवटच्या आवृत्तीतली आठही कोकरं १०५ ते १२० दिवसांच्या सुमारास काढलेली होती (मेंढीचे दिवस साधारण १४७) आणि त्यांना जास्तीत जास्त २८ दिवस ठेवलं गेलं. १०५ दिवसांच्या आसपासच्या कोकराची फुप्फुसं माणसाच्या २३–२४ आठवड्यांच्या बाळासारखी असतात.

प्राणवायूचं प्रमाण हा या मार्गातला फार नाजूक भाग. इथे जास्त देणं हा उपकार नाही. गर्भाच्या रक्तात प्राणवायूचा दाब २० ते ३० मिलिमीटर असतो, मोठ्या माणसाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाएवढा. म्हणून ऑक्सिजनेटरमध्ये शुद्ध प्राणवायू सोडत नाहीत. हवा, नायट्रोजन आणि प्राणवायू यांचं मिश्रण रक्ताच्या तपासणीनुसार कमी-जास्त करतात. दाब वर गेला तर डोळ्याच्या पडद्याच्या वाढत्या रक्तवाहिन्यांना धोका, आणि हृदयाजवळची गर्भावस्थेतली मोकळी वाट, डक्टस आर्टेरिओसस, आकसायला लागते. फुप्फुसं अजून द्रवाने भरलेली असताना ती वाट बंद होणं परवडणारं नाही.

आता या भागातला आमचा मोठा आक्षेप. कोकरांसाठी जो ऑक्सिजनेटर वापरला त्याच्यात सुमारे ८० मिलिलीटर रक्त मावतं. सहाशे ग्रॅमच्या माणसाच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून ५०–६० मिलिलीटर असतं. म्हणजे यंत्र सुरू होण्याआधी बाळाच्या स्वतःच्या रक्तापेक्षा जास्त रक्त बाहेरून भरावं लागणार, आणि ते प्रौढ दात्याचं. प्रौढ हिमोग्लोबिन प्राणवायू लवकर सोडतं, गर्भाचं घट्ट धरून ठेवतं. वर सांगितलेल्या कमी दाबावर गर्भाचं हिमोग्लोबिन बरंचसं भरलेलं राहतं, प्रौढाचं अर्धंमुर्धं. रक्तच बदललं तर २०–३० चं गणित जसंच्या तसं लागू पडणार नाही. माणसासाठीचा ऑक्सिजनेटर याहून कितीतरी लहान हवा, पण लहान केला की विरोध वाढतो आणि पंप नसलेल्या मार्गात तो वाढीव भार थेट हृदयावर येतो.

खरी परीक्षा पहिल्या काही मिनिटांची

नळ्यांचा हिशेब निर्दय असतो. आतला व्यास निम्मा केला तर प्रवाहाला होणारा विरोध सोळापट होतो. प्रयोगातली बहुतेक कोकरं २३ व्या आठवड्याच्या बाळाच्या दुप्पट किंवा त्याहून मोठी होती. या एका फरकामुळे कोकरांवरचं यश माणसाच्या खात्यात सरळ जमा करता येत नाही. फिलाडेल्फियाच्या गटाने पुढे अर्धा ते पाऊण किलोच्या कोकरांच्या नाळेतही नळ्या घालून दाखवल्या, पण ती काही दिवसांपुरती चालली, चार आठवडे नव्हेत. टोरंटोत डुकरांच्या पिल्लांवर काम झालं आहे. त्यांचा आकार आणि नाळ माणसाच्या बाळाच्या जास्त जवळची. तिथे पंपाविना मार्गाचा ताण हृदयाला झेपला नाही आणि पिल्लं कोकरांसारखी आठवडे टिकली नाहीत. उत्साहाने लिहिलेल्या बातम्यांमध्ये ही गोष्ट सहसा येत नाही.

प्रत्यक्ष क्रम असा. आईला भूल देऊन पोट उघडायचं आणि गर्भाशय सैल ठेवणारं औषध द्यायचं, म्हणजे आकुंचन होऊन वार सुटणार नाही आणि हाताशी थोडा वेळ राहील. बाळ आणि नाळ बाहेर घ्यायची, वार आतच काम करत राहते. नाळेचा तुकडा मोकळा करून रक्तवाहिन्या उघड्या करायच्या, नळ्या सरकवून बांधायच्या, हवेचा एकही बुडबुडा राहिलेला नाही हे पाहून मार्ग खुला करायचा आणि मगच वारेकडची बाजू बंद करायची. लगेच बाळ पिशवीत ठेवून ती सील करायची, द्रव भरायचा. हे सगळं काही मिनिटांत.

बिघडतं ते नाळेच्या स्वभावामुळे. नाळेच्या रक्तवाहिन्या जन्माच्या वेळी आपोआप आवळल्या जाव्यात अशाच घडलेल्या असतात. गार हवा लागली, ताण पडला, हाताळणी झाली की त्या आकसतात. पॅपाव्हेरिनसारखं औषध वरून लावून त्यांना सैल करतात, तरी आकसलेल्या धमनीत हव्या त्या जाडीची नळी जात नाही, आणि बारीक नळी घातली की पुन्हा विरोधाचा प्रश्न. कोकराच्या नाळेत दोन शिरा असतात. एकीत नळी जात असताना दुसरी चालू राहू शकते. माणसाच्या नाळेत शीर एकच. ती थांबली की बाळाकडे येणारा प्राणवायू थांबला. बुडबुड्याची भीतीही मोठ्या माणसापेक्षा जास्त आहे. गर्भाच्या हृदयाच्या दोन कप्प्यांत भोक उघडं असतं, त्यामुळे शिरेतून गेलेला बुडबुडा फुप्फुसात न अडकता थेट मेंदूकडे जाऊ शकतो.

यात आईला काय सोसावं लागतं हे यंत्राच्या गुणवर्णनात झाकलं जातं. २३ व्या आठवड्यात गर्भाशयाचा खालचा भाग पातळ झालेला नसतो, त्यामुळे छेद बहुधा वरच्या जाड स्नायूत उभा घ्यावा लागतो. असा व्रण पुढच्या गर्भारपणात फाटण्याचा धोका नेहमीच्या सिझेरियनपेक्षा बराच जास्त, आणि त्यानंतरची प्रत्येक प्रसूती सिझेरियननेच. हीच आई एरवी बहुधा खालून बाळंत झाली असती. बाळाच्या उपचारासाठी आईवर होणाऱ्या या शस्त्रक्रियेची संमती वेगळी, सविस्तर आणि कळा सुरू होण्याच्या आधी घेतली गेली पाहिजे. कळा सुरू असताना कागदावर घेतलेली सही ही संमती नव्हे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पिशवी आणि पाणी

या भागाला पैकीच्या पैकी गुण. सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये उघड्या टाकीत द्रव होता आणि कोकरं जंतुसंसर्गाने मरत होती. मग पूर्ण बंद पिशवी आली. पॉलिथिलीनची पातळ, पारदर्शक, लवचीक फिल्म. बाहेरून बाळ दिसतं, सोनोग्राफीच्या लहरी आरपार जातात आणि आत जेवढी जागा हवी तेवढीच राहते. एका बाजूने गाळलेला निर्जंतुक द्रव सतत आत येतो आणि दुसरीकडून बाहेर जातो. द्रव म्हणजे साधं सलाइन नाही. गर्भजलासारखा तो रक्तापेक्षा पातळ असतो. सोडियम लीटरला सुमारे १०९ मिलिमोल, तर रक्तात १३५ ते १४५. बाळ तो गिळतं, फुप्फुसात खेळवतं आणि त्यातच लघवी करतं, म्हणून तो वाहता असणं अनिवार्य आहे. प्रयोगशाळेत दिवसाला सुमारे ३०० गॅलन, म्हणजे ११०० लीटरहून जास्त द्रव तयार करावा लागत असे. एका पिशवीसाठी रोज एक हजार लीटरची टाकी भरून वर उरेल एवढं निर्जंतुक पाणी लागतं, हे ज्या रुग्णालयात उन्हाळ्यात टँकर बोलवावा लागतो तिथल्या कुणालाही वेगळं समजावायला नको.

बंदपणाची दुसरी बाजू म्हणजे हात पोचत नाही. काचेच्या पेटीला खिडक्या असतात, हात घालून छाती दाबता येते, नळी बदलता येते. इथे नळी निसटली किंवा ऑक्सिजनेटर गुठळीने बंद पडला तर पिशवी कापणं, नाळ बांधणं, फुप्फुसातला द्रव खेचून श्वासनलिकेत नळी घालणं हे लागलीच करावं लागेल. त्यामुळे शेजारी सज्ज व्हेंटिलेटर, सर्फॅक्टंट आणि ते करू शकणारी माणसं चोवीस तास लागणार. या आणीबाणीचा सराव बाहुलीवर करण्याची सोय नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनच्या गटाने आपल्या प्रकल्पाच्या पायातच ठेवली आहे, आणि तो शहाणपणा बाकीच्यांनी उचलावा.

पोषण शिरेतून द्यावं लागतं: ग्लुकोज, अमिनो आम्लं, स्निग्धांश, क्षार. कोकरं त्यावर वाढली. पण आठवडेच्या आठवडे शिरेतून पोषण दिलं की यकृतात पित्त साकळतं हे एनआयसीयूतला प्रत्येक डॉक्टर जाणतो. वार हार्मोन्सही बनवते आणि शेवटच्या तिमाहीत आईची प्रतिपिंडं बाळाला पोचवते. ते काम पिशवी करत नाही.

मेंदू: ज्याचं उत्तर कोकरू देऊ शकत नाही

नळ्या आणि ऑक्सिजनेटरमध्ये गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारं हेपॅरिन द्यावंच लागतं. आणि २८ आठवड्यांच्या आतल्या बाळाच्या मेंदूत, पोकळ्यांच्या कडेला, जर्मिनल मॅट्रिक्स नावाचा अतिशय ठिसूळ रक्तवाहिन्यांचा थर असतो. दाब किंवा प्रवाह थोडा डगमगला तरी तिथे रक्तस्राव होतो, बहुतेकदा पहिल्या तीन दिवसांत. नेमक्या याच दिवसांत बाळ आईपासून यंत्रावर आलेलं असणार आणि अंगात हेपॅरिन असणार.

कोकरांच्या मेंदूत असे रक्तस्राव दिसले नाहीत, हे यंत्राच्या बाजूने वारंवार सांगितलं जातं. सांगितलेलं खरं आहे, पण अर्धवट आहे. त्या वयाच्या कोकराची फुप्फुसं २३ आठवड्यांच्या बाळासारखी असली तरी मेंदू बराच पुढे गेलेला असतो आणि तो ठिसूळ थर ओसरत आलेला असतो. ज्या प्राण्याला हा रक्तस्राव सहसा होतच नाही त्याला तो झाला नाही, एवढंच यातून कळतं. उलट बाजूनेही न्याय करायला हवा: व्हेंटिलेटरवर दाबाचे जे चढउतार होतात ते इथे नाहीत, कार्बन डायऑक्साइड स्थिर राहतो, त्यामुळे रक्तस्राव कमी होण्याचीही शक्यता आहे. दोन्ही बाजूंचा तर्क पटण्यासारखा आहे, आणि फैसला माणसाच्या बाळावरच होणार आहे. म्हणून पहिल्या चाचणीत रोज डोक्याची सोनोग्राफी आणि कुठल्या टप्प्याला थांबायचं हे आधी लिहून ठेवणं, या दोन अटींशिवाय आम्ही हे यंत्र कुणालाही सुचवणार नाही.

इतरांच्या तुलनेत

पश्चिम ऑस्ट्रेलिया विद्यापीठ आणि जपानच्या तोहोकू विद्यापीठाची ‘ईव्ह’ ही यंत्रणा जातकुळीने एक्स्टेंडचीच, नाळेतून आणि पंपाविना. २०१९ मध्ये त्यांनी ९५ दिवसांची, ६०० ते ७०० ग्रॅमची कोकरं १२० तास सांभाळली. दिवस कमी, पण वजन माणसाच्या बाळाएवढं, म्हणून हा निकाल आम्हाला फार मोलाचा वाटतो. मिशिगनची पद्धत वेगळी आहे: मानेच्या शिरेतून रक्त घ्यायचं, पंपाने ऑक्सिजनेटरमधून फिरवायचं आणि नाळेच्या शिरेतून परत द्यायचं, पिशवी नाही, श्वासनलिकेत नळी घालून फक्त फुप्फुसं द्रवाने भरलेली ठेवायची. दिसायला कमी देखणी आहे, पण बाळ नेहमीच्या पेटीत राहतं, हात पोचतात, आणि मुख्य म्हणजे खालून जन्मलेल्या बाळालाही ती लावता येण्याची शक्यता आहे. एक्स्टेंडला ठरवून केलेलं सिझेरियन लागतं. अकाली प्रसूतीचं मोठं कारण गर्भजलातला जंतुसंसर्ग असतो. तसं बाळ बंद पिशवीत घातलं तर जंतूही त्याच्याबरोबर आत जातात. वार अचानक सुटली, कळा झपाट्याने आल्या तरी वेळ उरत नाही. हे सगळे वगळले की ज्यांच्यासाठी यंत्र आहे त्यांतल्या थोड्याच बाळांपर्यंत ते पोचणार. त्या दृष्टीने मिशिगनचा मार्ग जास्त बाळांच्या कामी येईल असं आम्हाला वाटतं, जरी गर्भाच्या शरीराचा मान राखण्यात एक्स्टेंड सरस असली तरी.

कागदपत्रांचाही प्रश्न आहे. नाळ चालू असलेलं, श्वास न घेतलेलं बाळ जन्मलं असं म्हणायचं का? आपल्याकडे जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, आणि पिशवीतला मुक्काम त्याहून मोठा असू शकतो. तारीख कुठली लिहायची हे ठरवल्याशिवाय कुठल्याच देशाला ही यंत्रणा वापरता येणार नाही.

आमचा कौल: पिशवी, द्रव आणि पंपाविना मार्गाची कल्पना पूर्ण उतरली आहे. माणसाच्या आकाराचा ऑक्सिजनेटर आणि नाळेतल्या नळ्या अजून व्हायच्या आहेत. मेंदूच्या बाबतीत पाटी कोरी आहे. २४ व्या आठवड्यापुढे जिथे नेहमीचे उपचार चांगले चालतात तिथे हे यंत्र पहिल्यांदा वापरणं चूक ठरेल. २२ व्या आठवड्यात, जिथे दहापैकी सात बाळं सर्व उपचार मिळूनही जात होती, तिथे आईच्या पूर्ण संमतीने प्रयत्न करणं रास्त आहे. पण नळ्या घालण्याची अडचणही तिथेच सर्वांत मोठी, हे मात्र विसरता येत नाही.

महाराष्ट्रात हे यंत्र नजीकच्या काळात येईल असं धरून कुणी थांबू नये. अकाली कळांची भीती असलेल्या कुटुंबाने आजच मागून घ्याव्यात अशा गोष्टी हाताशी आहेत आणि त्या स्वस्त आहेत. २४ ते ३४ आठवड्यांत प्रसूतीची शक्यता दिसताच आईला डेक्सामेथासोन, ६ मिलिग्रॅमची चार इंजेक्शनं बारा-बारा तासांनी. यामुळे बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. मेंदूच्या रक्षणासाठी आईला मॅग्नेशियम सल्फेट. बाळ जन्मल्यावर रुग्णवाहिकेत घालण्यापेक्षा पोटात असतानाच एनआयसीयू असलेल्या रुग्णालयात आईला हलवणं. बाळाची तब्येत मुभा देत असेल तर नाळ बांधायला किमान अर्धा मिनिट थांबणं, पण २८ आठवड्यांच्या आतल्या बाळाची नाळ पिळून रक्त आत ढकलू न देणं, कारण त्याने मेंदूतला रक्तस्राव वाढल्याचं दिसलंय. पुढे वजन किलोच्या वर असेल तर लगेच आईच्या छातीशी कांगारू पद्धत: दिल्लीच्या सफदरजंगसह पाच देशांतल्या रुग्णालयांत झालेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १ ते १.८ किलोच्या बाळांचा मृत्यूदर यामुळे १५.७ वरून १२ टक्क्यांवर आला. आणि आईला पान्हा फुटेपर्यंत दुधाची सोय. मुंबईत शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. आपल्या रुग्णालयाची जवळची पेढी कोणती, हे दाखल होतानाच विचारून ठेवावं.